रविवारची कढी

शैलजाबाईंनी उभ्या आयुष्यात स्वयंपाक करताना एकदाही चव घेऊन पाहिली नाही. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न उष्टं करायचं नाही, हा त्यांच्या सासरचा नियम. सणाचा स्वयंपाक असो की मंगळवारची साधी कढी, नियम तोच. मग मीठ बरोबर पडलंय हे कळायचं कसं? कोणी विचारलं तर त्या म्हणायच्या, वासावरून. त्यांची मुलगी ऋजुता शाळेत असल्यापासून यावर हसत आली होती. मिठाला वास नसतो हे तिला पाचवीच्या विज्ञानाच्या पुस्तकाने सांगितलं होतं, आणि छापलेल्या गोष्टींवर तिचा लहानपणापासून विश्वास. पुढे ती सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाली.

आई बरोबर होती हे तिला कळलं ते आई गेल्यानंतर अकरा महिन्यांनी. तेही आईच्याच ओट्यावरच्या एका यंत्राने सांगितलं म्हणून.

यंत्र बसवलं होतं ऋजुतानेच, चार वर्षांपूर्वी. मिरजेच्या घरात दोनदा दूध उतू जाऊन पातेलं करपलं, तेव्हा तिला धास्ती वाटली. शेगडीच्या वर भिंतीला लावायची बशीएवढी पांढरी चकती. ती स्वयंपाकघरातली हवा सतत हुंगायची आणि काही जळायला लागलं की शेगडी बंद करायची. काय शिजलं, कधी शिजलं, कुठला वास किती होता, याची नोंद आपोआप व्हायची. ऋजुताच्या मुलांनी, सावनी आणि निषादने, तिचं नाव ठेवलं नाकाडं. शैलजाबाई मुलांना सांगत, की तुमच्या आईने माझ्यावर पाळत ठेवायला हेर बसवलाय. पण रोज दुपारी ओटा आवरताना त्या हेराचं तोंड पुसत.

या वर्षी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने नाकाड्यासाठी नवी प्रणाली काढली. ती वासावरून मीठ ओळखायची. ऋजुताने त्यावरचा लेख दोनदा वाचला आणि मग मुलांना समजावून सांगितला.

मिठाला वास नसतो हे खरंच. पण मीठ पाण्यात विरघळलं, की पाण्याचे कण त्याच्याभोवती गोळा होतात. लग्नाच्या हॉलमध्ये वऱ्हाड आलं, की सगळे यजमान त्याच्या दिमतीला लागतात, तसे. मग आधीपासून बसलेल्या गावच्या पाहुण्यांकडे बघायला कोणी उरत नाही, आणि ते उठून बाहेर व्हरांड्यात येतात. आल्याचे, कढीलिंबाचे, तुपाचे गंधकण हे ते गावचे पाहुणे. मीठ पडलं, की ते पातेल्यातून हवेत निघतात. किती निघाले हे मोजता आलं, तर मीठ किती पडलं ते सांगता येतं. फरक अगदी बारीक असतो, यंत्रालासुद्धा जेमतेम कळेल इतका. आणि लेखाच्या शेवटी एक वाक्य होतं: पिढ्यान्‌पिढ्या चव न घेता रांधणाऱ्या काही बायकांना हा फरक नाकाने कळतो, आणि दहा-पंधरा वर्षांच्या मुलांना तो सरावाने शिकवता येतो, असं दिसतं.

ऋजुताने लेख मिटला. लेख वर्षभर आधी आला असता तर आईला फोन करून सांगता आलं असतं. आई म्हणाली असती, एवढं पुण्याला जायची काय गरज होती, मला विचारायचं.

लेख वाचायला मात्र वेगळंच कारण होतं. तिच्या बाबांचं जेवण सुटलं होतं.

आई गेल्यापासून बाबा नऊ किलोंनी उतरले होते. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. घरी पाकयंत्र आणून बसवलं. सांगलीला ऋजुताच्या घरी होतं तसंच, बटण दाबलं की मोजून-मापून बिनचूक अन्न देणारं. बाबा त्यातून आलेली अर्धी पोळी खायचे आणि ताट सरकवायचे. आईच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत हाच माणूस कढीसोबत चार-चार वेळा भात मागून घेत होता. आई कौतुकाने सांगायची, या वयात भूक बघा. वैशाखात वर्षश्राद्ध होतं. ऋजुताने ठरवलं, त्या दिवशी स्वयंपाक घरच्या शेगडीवर करायचा, आणि कढी आईसारखी. बाबांनी त्या दिवशी एकदा भात मागितला पाहिजे. पुढचं पुढे. मे महिन्याची सुट्टी लागताच ती मुलांना घेऊन मिरजेला राहायला आली.

श्राद्धाचा स्वयंपाक तर कोणीच चाखायचा नसतो. आणि कढीचं मीठ चमच्याने मोजून भागत नाही. ताक एक दिवस आंबट, एक दिवस गोड. कधी दाट, कधी पातळ. शिवाय मीठ घालायचं ते अगदी शेवटी, नाहीतर कढी फुटते. म्हणून तिची सगळी भिस्त नाकाड्यावर होती. आईची कढी रोजची, त्याच्या पोटात तिच्या शेकडो कढ्यांची नोंद होती. हवी ती निवडायची, मग पातेल्याचा वास तिच्याशी जुळला की चकतीवर हिरवा दिवा लागणार.

तिने निवडली ती आईची शेवटची कढी. गुरुवारची. शुक्रवारी पहाटे आईला झटका आला होता.

पहिल्या दिवशी तिघंही ओट्याशी उभी राहिली. चौदा वर्षांच्या सावनीने ताक घुसळून बेसन लावलं. नऊ वर्षांच्या निषादने आलं किसताना बोट किसून घेतलं आणि नंतर रक्ताचा थेंब पातेल्यात गेला नाही हे तीन वेळा शपथेवर सांगितलं. कढीला ऊत येऊ द्यायचा नाही, एकाने ढवळत राहायचं, हे सावनीला ठाऊक होतं. ते तिला कुठून ठाऊक, हे ऋजुताने तेव्हा विचारलं नाही. तुपात जिरं तडतडलं, कढीलिंब पडला. ऋजुता चिमटीचिमटीने मीठ घालत गेली आणि हिरवा दिवा लागला तेव्हा थांबली.

बाबा जेवायला बसले. पहिला घास घेऊन थांबले. मग म्हणाले, भात वाढ.

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, भात. मग तिसऱ्यांदा.

ऋजुता भाताचं पातेलं घेऊन आत गेली आणि फ्रीजचं दार उघडून त्याच्याआड जरा उभी राहिली. बाहेर आली तेव्हा निषाद वाटी पुढे करून तिची वाट बघत होता.

"आई, ही खारट आहे."

सावनीने त्याला पायाने ढोसलं. पण तिची वाटीही भरलेलीच होती. ऋजुताने चमचाभर तोंडात घातली. कढी खारट होती, घशाखाली उतरेना इतकी. बाबांचं ताट मात्र लख्ख होतं.

ही मुलं पाकयंत्रावर वाढलेली. चुकलेलं मीठ त्यांनी फारसं चाखलंच नव्हतं, म्हणून त्यांना त्याचं अप्रूप वाटलं. यंत्र बिघडलंय असं ऋजुताला वाटलं. सावनीने दुसराच प्रश्न काढला. खारट होती, तर आजोबांनी तीनदा भात का मागितला? निषाद म्हणाला, प्रयोग करू. दुसऱ्या दिवशी त्यांनी आजोबांना न सांगता मीठ कमी घातलं. आजोबांनी एकदाही भात मागितला नाही. पानाच्या वरच्या अंगाला वाढलेल्या मिठाला बोट लावून ते आमटी कालवावी तशी कढी कालवत राहिले, आणि अर्धा भात टाकून उठले. तिसऱ्या दिवशी पुन्हा जास्त. भात दोनदा. निषादने वहीत लिहिलं: मीठ वाढलं की आजोबांचा भात वाढतो. खाली त्याने आलेखही काढला. रेघ सरळ आली म्हणून तो खूश होता.

ऋजुताला तो आलेख बघवेना. ती बाबांकडे गेली. ते गॅलरीत कुंडीतल्या मोगऱ्याला पाणी घालत होते. तिने आडून विचारायचं ठरवलं होतं, पण सरळच विचारलं गेलं. आईच्या हातचं मीठ चुकायला लागलं होतं का?

बाबांनी झारी खाली ठेवली.

"दोन वर्षं तरी. एक दिवस खारट, एक दिवस आळणी."

"तुम्ही तिला म्हणाला नाहीत?"

"काय म्हणायचं? भात जास्त घेतला की लागत नाही फार. आणि भात मागितला की ती खूश व्हायची." मग म्हणाले, "तुम्ही मुलंही गेले काही दिवस तेच करत होतात ना? मला वाटलं, तू आईवर गेलीस."

त्यांनी झारी उचलली आणि उरलेलं पाणी त्याच कुंडीत पुन्हा घातलं.

त्या संध्याकाळी ऋजुताने नाकाड्यातल्या जुन्या नोंदी नव्या प्रणालीने वाचून घेतल्या. त्या वेळी नोंदवताना यंत्राला मिठातलं काही कळत नव्हतं, पण हवा त्याने हुंगून ठेवली होती. आता त्याच हवेतून मीठ वाचता येत होतं. पडद्यावर एकेका कढीचा एकेक ठिपका उमटला. पहिले सहा महिने ठिपके एका ओळीत, दोरी धरून लावल्यासारखे. मग ओळ थरथरायला लागली. मग करवतीचे दाते: एक वर, एक खाली, एक वर.

करवत कशामुळे, हे सावनीने आधी ओळखलं. आजी सगळ्यांच्या मागून जेवायची. जेवताना जिभेला तिला कळायचं, आज जास्त झालं. मग उद्या हात आखडायचा. उद्या कमी व्हायचं, तर परवा सैल. नाक सांगेनासं झालं होतं, म्हणून ती कालच्या जेवणावरून आजची कढी करत होती.

"पण मग तिनं चाखून का नाही पाहिलं?" निषादने विचारलं.

या प्रश्नाला ऋजुताकडे उत्तर होतं. पन्नास वर्षांचा नियम आई एका नाकासाठी मोडणार नव्हती. वयाबरोबर वास येणं उणावतं, आणि पुष्कळदा ते ज्याचं त्याला उशिरा कळतं, हे तिने वाचलं होतं. ज्याला ते कळतं त्याने ते लपवायला काय काय केलं, हे कुठल्याच लेखात नव्हतं.

तिने शेवटचे दोन ठिपके बघितले. बुधवारचा तळाला. त्या बुधवारी ती स्वतः मिरजेत जेवली होती. पहिल्याच घासाला म्हणाली होती, आई, मीठ विसरलीस का आज? जरा बघत जा ना. आई हसून म्हणाली होती, वय झालं गं. आणि गुरुवारचा ठिपका सगळ्यांत वर, तीन वर्षांतल्या कुठल्याही ठिपक्यापेक्षा वर. शेवटची कढी. चार दिवसांपूर्वी तिने स्वतः निवडून मुलांना आणि बाबांना वाढलेली.

मग सावनीने हळूच पडद्यावर बोट ठेवलं.

"आई, हे बघ. करवतीत काही ठिपके जागेवर आहेत. दर सातवा."

दर सातवा म्हणजे रविवार. करवत वर-खाली होत होती, पण रविवार चुकत नव्हता. पहिल्या सहा महिन्यांच्या त्या सरळ ओळीवर तो नेमका येऊन बसत होता. आणि रविवारी मुलं आजीकडे यायची.

सावनीने मग ते सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. आजीचा एक खेळ होता. कढी झाली की आजी शेगडी बंद करायची, दोघांना पातेल्याशी उभं करायची, डोळे मिटायला लावायची. म्हणायची, आधी नुसतं ताक नाकाला लागतं. मग आलं पुढे येतं आणि त्याच्या मागून कढीलिंब. तिघं एका ओळीत उभे राहिले की मला सांगा. मग चिमूट चिमूट मीठ घालत जायची. सावनी "आला" म्हणाली की निषादला विचारायची. दोघांचं एक झालं की हात झटकायची.

"मी कधी कधी उगाच आला म्हणायचो," निषाद म्हणाला. "भूक लागायची मला. पण ताई नाही म्हणायची, मग आजी थांबायची."

सावनी पडद्याकडेच बघत होती. "म्हणजे मी चुकीचं सांगितलं असतं, तरी तिला कळलं नसतं?"

"नसतं," ऋजुता म्हणाली.

"मला वाटायचं, ती माझी परीक्षा घेतेय."

ऋजुताने मुलीच्या गालावरचा पेनाचा डाग पुसल्यासारखं केलं.

श्राद्धाला अकरा दिवस होते. निषादचं म्हणणं, आता सोपं आहे, नाकाड्याला एखादा रविवार लावून द्यायचा. ऋजुतालाही ते पटलं. तेच शहाणपणाचं होतं. सावनी मात्र नाही म्हणाली. ती चिडली नव्हती, गणितातली चूक दाखवावी तशी बोलली. "रविवारचं मीठ आम्हीच सांगितलं होतं ना? मग आमचं नाक यंत्रात घालून परत त्यालाच कशाला विचारायचं?"

तिच्या बोलण्यात खोट नव्हती, पण धोका होता. सावनीने हा खेळ वर्षभर खेळला नव्हता. पानावर बसणार होते बाबा, आणि त्या दिवशी चुकलं तर दुसरी संधी पुढच्या वैशाखात. त्यांचं वजन बघता ऋजुताला एवढा लांबचा विचार करवत नव्हता. तिने एक अट घातली. दहा दिवस सराव. नाकाडं तोपर्यंत फक्त तपासणी करणार, आणि शेवटच्या तीन दिवसांत एकही चूक झाली तर हिरवा दिवा.

सराव रोज अकरा वाजता. पाच वाट्यांत एकच कढी, मीठ मात्र वेगवेगळं, आणि डोळ्यांवर बाबांचा पंचा बांधून हुंगायचं. वाट्या कोमट झाल्या की वास पडायचा, म्हणून गरम पाण्याच्या परातीत ठेवायच्या, हे सावनीने शोधलं. वाटीत बोट बुडवून चाखल्याबद्दल निषादला दोनदा बाद केलं. त्याने कांगावा केला, की नाकाला कढी लागली तर जिभेचा काय दोष. पहिले तीन दिवस तो निव्वळ अंदाज करत होता. चौथ्या दिवशी वाटीवरून डोकं न उचलता म्हणाला, "ए, आलं पुढे आलं," आणि मग इतका गप्प झाला, की ऋजुताने पंचा सोडून त्याचा चेहरा बघितला.

ऋजुताही हुंगत होती. तिला पाचही वाट्या सारख्याच लागत. सराव नाही म्हणून, की आईचं उणावलेलं नाक वारशाने आलंय म्हणून, हे ठरवायला काही उपाय नव्हता. सावनी तिला आजीच्या शब्दांत शिकवायची: घाई करू नको, आधी ताक जाऊ दे. मुलीकडून शिकताना ऋजुताला आईचा आवाज ऐकू येत असे. पण वाटी ती वाटीच राहायची.

शेवटच्या तीन दिवसांत मुलांची एकही चूक झाली नाही.

श्राद्धाच्या दिवशी गुरुजी साडेअकराला येणार होते. गवार, भोपळा, वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं झालं. कढी शेवटी ठेवली. सावनीने स्टूल ओढून नाकाड्यावर पंचा टाकला. ऋजुताने तो काढला नाही. शेगडी बंद झाली. दोन्ही मुलं पातेल्यावर वाकली, डोळे मिटून. ऋजुताने चिमूट घातली, ढवळली, थांबली. दुसरी. तिसरी. पाचव्या चिमटीला निषादच्या नाकपुड्या हलल्या, पण तो बोलला नाही. या वेळी भूक लागलेली असूनही तो बोलला नाही. ऋजुताने अर्धीच चिमूट घातली.

"आला," सावनी म्हणाली.

निषादने अजून एक श्वास घेतला. तो श्वास किती लांबला हे ऋजुताच लक्षात ठेवील.

"आला."

ऋजुताने हात झटकला.

विधी झाले. आईचं पान गच्चीवर ठेवलं, कावळा शिवला, गुरुजी जेवून गेले. मग बाबा बसले. ऋजुताने भात वाढला, वर कढी घातली. बाबांनी कालवलं आणि पहिला घास घेऊन थांबले. मुलं दारात एकमेकांना चिकटून उभी होती. बाबांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. वरच्या अंगाच्या मिठाकडे त्यांचा हात गेला नाही. भात संपत आला, तशी ऋजुता पातेलं घेऊन पुढे झाली. वर्षभर ती याच क्षणाची वाट बघत होती.

बाबांनी पानावर हात आडवा धरला.

"भात नको. कढी आण."

ती आत गेली. कढीवरचं झाकण काढलं आणि वाढायला पळी बुडवण्याआधी पातेल्यावर वाकली. घाई केली नाही. आधी ताक जाऊ दिलं. बाहेरून बाबांनी वाटी सरकवल्याचा आवाज आला, आणि निषाद दबक्या आवाजात सावनीला म्हणाला, की आई काय करतेय आत एवढा वेळ. सावनी म्हणाली, थांब, तिला हाक मारू नको.